हिरवी रेष

धाकटे,

मी सांगते आहे, नात लिहून घेते आहे.

काल तू तुझ्या भावजींना अतिदक्षता विभागात बघायला आलीस. तू त्यांचा हात धरलास आणि खाटेजवळच्या यंत्रावरची हिरवी रेष उड्या मारायला लागली. मी रोज पाय चेपते, तेव्हा तीच रेष गोगलगायीसारखी चालते. मला वाचता येत नाही, पण एवढं कळतं हो!

नर्सला विचारलं, तर म्हणाली, "आजी, ठोके वाढणं बरं नाही. तुम्ही असलात की ते शांत असतात. आज श्वासाची नळी काढताना तुम्हीच जवळ थांबा."

म्हणजे एवढा संसार करून मी झोपेची गोळी ठरले!

नळी निघाली. ते स्वतःचा श्वास स्वतः घेऊ लागले. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच जिभेला खाज सुटली. त्यांच्या कानाशी म्हटलं, "धाकटी आलीय हो."

रेष उडालीच!

नर्स धावत आली. "आजी, काय बोललात?"

"काही नाही गं, डास चावला असेल."

नात विचारते, पत्र टाकू का? म्हटलं, नको. लगेच येशील नटूनथटून. आधी त्यांना घरी येऊ दे, माझ्यावर चार वेळा खेकसू दे.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई