कृपया दोरा सोडून पाहावे

सोमवार, ९ जानेवारी १९५६. सकाळी.
नवी वही. अक्षर नीट काढायचं ठरवलं आहे. शाळेत मी तीनच वर्षं गेलो, पण बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं नमुन्यांची कार्डं शिवली, पाकिटं भरली, हाम्बुर्गपर्यंत पाठवली. तेव्हा पोस्टाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

मुद्दा असा. सेनोबियाला परदेशी, काराकासला आजवर चौदा पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. माझी मुलगी अशी नाही. आई गेल्याचं तिला उशिरा कळलं, त्याचा राग असेल, पण मी तार केली होती. ती वाटेत हरवली, त्याला मी काय करणार? हे सगळं पत्रात नीट लिहिलं आहे. वाचलं तर राग राहणार नाही. म्हणजे तिला वाचायला मिळतच नाही.

कारण मी शोधून काढलं आहे. तिकडे सरकार कडक. बाहेरची पत्रं फोडून तपासतात. चिकटवलेलं पाकीट फोडलं की फाटतं. फाटलेलं पाकीट कोण पुढे पाठवणार? टोपलीत जातं.

उपाय: न फाडता उघडेल आणि बघून झालं की पुन्हा बंद होईल असं पाकीट. महिनाभरात तयार होईल. ईस्टरला तिचं उत्तर हातात.

मंगळवार, १० जानेवारी
पोस्टात गेलो. खिडकीवरच्या एउदोरोला योजना सांगितली. त्याने तिकिटं मोजणं थांबवलं नाही. म्हणाला, "अब्दोनकाका, पत्रं पोचतही असतील. पोचलं की उत्तर येतंच असं कुठे आहे?"

पोस्टाचा माणूस पोस्टाचीच बाजू घेणार. त्याला यापुढे फार सांगायचं नाही.

मंगळवार, १७ जानेवारी
डिझाईन पहिलं. झाकणाला कसाव्याच्या कंदाची पातळ खळ, ओढली की सुटेल अशी. छान सुटत होती. चार पाकिटं रात्रभर वाळत ठेवली. सकाळी झाकणंच नव्हती. झुरळांनी खळीसकट कागद खाल्ला.

उबाल्दिना माशाचं कालवण घेऊन आली होती. ही माझी मेहुणी, शेजारीच राहते. म्हणाली, "भाऊजी, तुमचं पाकीट उघडलं हो. इन्स्पेक्टरची मिशी तेवढी लांब आहे."

हसलो नाही. दोष खळीचा आहे, कल्पनेचा नाही.

गुरुवार, २ फेब्रुवारी. पहाटे.
सापडलं! बटण!

एकतीस वर्षं ज्या गोष्टीत गेली ती डोळ्यांसमोर असून दिसली नाही. झाकणावर एक बटण, पाकिटावर एक बटण, दोघांत मेणदोरा, आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलेला. दोरा सोडा, बघा, दोरा गुंडाळा. फाटायचा प्रश्नच नाही. बटणं अर्थात ताग्वाच्या, म्हणजे हस्तिदंतासारख्या कडक ताडबियांची. प्लॅस्टिक आल्यावर कारखाना बंद पडला तेव्हा पगाराऐवजी त्यांचीच दोन पोती मिळाली होती. माझी बायको दिओसेलिना म्हणायची, ही पोती फेका, उंदीर येतात. आज असती तर कबूल केलं असतं तिने.

पाकिटावर सूचनाही लिहिणार: "तपासनीस साहेबांनी कृपया दोरा सोडून पाहावे व पुन्हा गुंडाळावे. आभारी आहे." माणूस कितीही कडक असो, कृपया म्हटलं की हात हळू चालतो.

बुधवार, १५ फेब्रुवारी
टेस्ट क्रमांक एक. पाकीट स्वतःच्याच पत्त्यावर टाकलं. एउदोरोने तिकिटावर शिक्का मारला, तो नेमका बटणावर. बटण फुटलं, तुकडा त्याच्या भुवईला लागला. रक्त फार नाही. मी म्हटलं, शिक्का एवढ्या जोरात मारायची गरज काय? तो म्हणाला, "काका, बावीस वर्षं मारतोय. आजवर एकाही पत्राने उलट मारलं नव्हतं."

नोंद: तिकीट डावीकडे चिकटवायचं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी
टेस्ट क्रमांक दोन. पाकीट आलं, पण एकटं आलं नाही. दोरा सुटून पोत्यातली आणखी तीन पत्रं त्यात अडकली. एक मोंतेक्रिस्तीच्या टोपीवाल्याचं, एक पाद्रीबाबांचं, एक गुलाबी, वासाचं. एउदोरो म्हणाला, "हे पाकीट आहे की गळ? बंदरावर जाऊन टाका, निदान मासा तरी लागेल."

गुलाबी पत्र कुणाचं ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फक्त एकदाच विचारलं.

दोरा आखूड करणे. टोकाला मेणाचा ठिपका देणे.

सोमवार, १२ मार्च
बटणं कानशीने घासून नाण्याएवढी पातळ केली. बोटांची सालं निघाली. टेस्ट क्रमांक पाच: पास. कुठेही अडकलं नाही, फुटलं नाही. एउदोरोला खिडकीतच उघडायला लावलं, बंद करायला लावलं. त्याला अर्धं मिनिट लागलं. तो म्हणाला, "चांगलं आहे हो, काका." खरंच म्हणाला. असं कुणी म्हणून बरेच दिवस झाले होते.

पेटंटसाठी राजधानीत, कीतोला मंत्रालयात अर्ज करायचा. उबाल्दिनाला सांगितलं की देशोदेशीची पोस्टखाती हे पाकीट घेतील. ती म्हणाली, "घेतील हो. आधी हे केळ्याचे गोळे घ्या, गार होताहेत."

मंगळवार, २० मार्च
एउदोरोने आज कपाटातून एक जुनं पाकीट काढून दाखवलं. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याशा बियाणेवाल्याचं. दोन बटणं, मध्ये दोरा. शिक्क्यावर साल १९२४. म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस दाखवलं नाही."

मला कशाला वाईट वाटेल? ती बटणं पुठ्ठ्याची आहेत. शिवाय त्यांच्या पाकिटावर कृपया कुठे आहे?

अर्ज तूर्त राहू दे. मला काही श्रीमंत व्हायचं नव्हतं. सेनोबियाला पत्र पोचवायचं आहे, तेवढं झालं की पुरे.

गुरुवार, ५ एप्रिल
ईस्टर झाला. उत्तर कुठून येणार, पत्रच टाकलेलं नाही. घाईत टाकून चालायचं नाही. आधी पुरावा पाहिजे. तार हरवली हे नुसतं माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा पोस्टाच्या कागदावर वाचलं तर सेनोबियाला लगेच पटेल. म्हणून रीतसर तक्रार दिली: ऑक्टोबर १९५४, तार, अब्दोन आंचुंदियाकडून सेनोबिया आंचुंदियाला, पोचली नाही. एउदोरो म्हणाला, "काका, कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

शुक्रवार, ६ एप्रिल
एउदोरोने तारांचं रजिस्टर काढलं. ऑक्टोबरचा पूर्ण महिना दोनदा पाहिला. माझ्या नावाने तार नाही.

मी म्हटलं, रजिस्टर चुकलं असेल. त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मागे रांगेत चार माणसं उभी होती.

डोकं दुखतंय. आज पाकिटाचं काम नाही.

सोमवार, ९ एप्रिल
उबाल्दिना आली ती उभीच राहिली. रजिस्टरचं तिला कुणी सांगितलं कोण जाणे. तिने बसावं म्हणून मी खुर्ची पुसली. ती म्हणाली, "भाऊजी, मी तुम्हाला दर दिवशी विचारत होते, तार केली का. तुम्ही म्हणायचात, केली, येईलच आता. ताई दारात खुर्ची टाकायला लावायची. ताप अंगात फणफणलेला, आणि बाई वाटेकडे बघत बसलेली."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

मग तिने झग्याच्या खिशातून पत्रं काढली. सेनोबियाची. अक्षर मी लांबूनही ओळखतो. म्हणाली, "मला दर महिन्याला येतात. ही बघा, एकही फाटलेलं नाही. तिने तिकडच्या तारघरात केव्हाच चौकशी केली होती. तिला पहिल्यापासून माहीत आहे. तुमची पत्रं पोचतात, भाऊजी. सगळी पोचतात."

कालवण ठेवून गेली. भांडं परत मागितलं नाही.

मंगळवार, १० एप्रिल
विचार केला. बायकांच्या नावची पत्रं तिकडे तपासत नसतील. पुरुषांचीच तपासत असतील, राजकारण पुरुष करतात म्हणून. असं असेल तर सगळा हिशेब जुळतो.

दुपारी. जुळत नाही. माझ्या पत्रांवरही नाव बाईचंच आहे, सेनोबियाचं.

रविवार, १५ एप्रिल
हे इथेच लिहितो, इथे कुणी वाचत नाही.

तार केली नाही. करायला गेलो होतो. पाच दिवस रोज गेलो. फॉर्म घ्यायचा, मेजाशी बसायचं, लिहायचं. "आई फार आजारी" लिहिलं तर पोरगी एकटी घाबरेल, रस्त्यात काही होईल. "आई आजारी" लिहिलं तर यायची नाही, आजारी कोण नसतं? आणि ती आली आणि दिओसेलिना उठून बसली, तर उगाच कामावरून काढून टाकतील पोरीला. एकेक शब्द खोडायचो, तोवर बाराची घंटा व्हायची, खिडकी बंद. घरी आल्यावर दिओसेलिना विचारायची, "केलीत?" मी म्हणायचो, केली. उद्या नक्की करणारच होतो, म्हणून आजच सांगून टाकायचो. खोटं वाटायचं नाही तेव्हा.

सहाव्या दिवशी ती गेली. मग वेगळे शब्द हवे होते. ते तर मला मुळीच सुचेनात.

लिहून खराब केलेले फॉर्म मी फेकले नाहीत. अकरा आहेत. प्रत्येकावर तारीख आहे.

बुधवार, १८ एप्रिल
ठरलं. ते अकरा फॉर्मच पाठवायचे. कारखान्यात आम्ही बटणं तोंडाने सांगत नव्हतो, कार्डावर शिवून पाठवायचो: घ्या, हाताळून बघा. तसंच हे. बरोबर चिठ्ठी, चारच ओळी: तार केली नाही. चौदा पत्रांत खोटं लिहिलं. हे बघ, रोज गेलो होतो. तुझा बाबा.

यात कुठेही सबब नाही. असं पहिल्यांदाच. हे वाचून ती लिहिणार म्हणजे लिहिणारच. शिव्या दिल्या तरी चालेल, मात्र लिहील.

सोमवार, २३ एप्रिल
टाकलं. सगळ्यात चांगली दोन बटणं निवडली, दुधासारखी पांढरी, एकही रेघ नसलेली. एउदोरो म्हणाला, उघडं पाकीट स्वस्त दराने जातं, पण मग आत फक्त नमुना चालतो, वर "किंमत नसलेला नमुना" लिहायचं आणि पत्र ठेवायचं नाही. मी म्हटलं, पत्राचे पूर्ण पैसे घे. त्याने घेतले, वर रजिस्टर करून दिलं, म्हणजे तिला सही करूनच घ्यावं लागेल. शिक्का मारताना बटणावर तळहात धरला त्याने.

सूचनेतला "तपासनीस साहेबांनी" हा शब्द ठेवू की खोडू, ठरेना. ठेवला. सवयीने.

सोमवार, ७ मे
दोन आठवडे झाले. जहाजाला वेळ लागतो.

सोमवार, २१ मे
तिला फॉर्म एकेक करून वाचायला वेळ लागत असेल. माझं अक्षर घाईत बिघडतं. उबाल्दिनाला विचारलं, तुला काही लिहिलंय का तिने? तिने नाही म्हणून मान हलवली. पण भांडं न्यायला आली होती, आणि दुसरं भरलेलं ठेवून गेली.

सोमवार, ४ जून
मोठी खोली झाडून घेतली. ती लिहिण्याऐवजी सरळ यायचीही. तिच्या स्वभावाला तेच धरून आहे.

मंगळवार, १९ जून. दुपारी.
एउदोरो स्वतः चालत घरी आला. कधी येत नाही. मेजावर पाकीट ठेवलं, म्हणाला, "काका, जरा पाणी देता?" दिलं. तो घोटभर प्यायला, बाकीचं ठेवून गेला.

लाल शिक्का: घेण्यास नकार. खाली तिची सही. नावाच्या पहिल्या अक्षराला लहानपणापासून आडवी रेघ मारते, ती आहे. हात स्थिर आहे. म्हणजे तब्येत ठीक आहे.

पाकीट कुठेही फाटलेलं नाही, चुरगळलेलं नाही. एवढा समुद्र दोनदा ओलांडून बटणं जशीच्या तशी. दोरा पाहिला. मी गुंडाळला त्याच वळणात आहे, टोकाचा मेणाचा ठिपका तडकलेलाही नाही. साहेबांनी उघडलं नाही. तिने उघडलं नाही.

मीच उघडलं. फॉर्म तारखेप्रमाणे मेजावर मांडले आणि सगळे वाचले. पहिल्यावर नऊ शब्द, सगळे खोडलेले. दुसऱ्यावर सात. एकावर "काळजी करू नको" दोनदा. पाचव्या दिवशीच्या शेवटच्या फॉर्मवर तिचा पत्ता आणि एकच शब्द: ये. तो खोडलेला नाही. का दिला नाही खिडकीत, आठवत नाही. बहुतेक वाटलं असेल, एवढ्याने काय कळणार.

सगळं परत आत घातलं, दोरा गुंडाळला. उघडायला, बंद करायला काहीच त्रास पडत नाही.