डल्सीताईला सांगितलेली वाट

रेडिओचं ऑफिस, तांबडी टेकडी
१९ मार्च, सकाळ

प्रिय डल्सीताई,

तुझ्या धाकटीकडून पोटभर माया. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, कुत्री बरी आहेत, तुझ्या घराचे पत्रे वाऱ्याने उडाले नाहीत. तूही बरी असशील असं धरून चालते. तुझा फोन वाजत राहतो. होस्टेलवर केला तर "आजी झोपल्यात" असं सांगतात. दिवसाढवळ्या इतकी झोपणारी माझी बहीण कधीच नव्हती. म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला "झोपलेय" म्हणून परत पाठवता येत नाही.

ताई, मुलगी झाली! केझियाला मुलगी झाली! होस्टेलच्या रिसेप्शनवरच्या पोरीकडे निरोप दिला होता, तो तुला मिळाला असेलच. पण निरोपात काय मावतं? रंग तुझा, कपाळ तुझं, आणि रडणं तर अगदी तुझं, म्हणजे एकदा सुरू झालं की अख्ख्या वस्तीने ऐकावं असं. केझियाला जन्म तू दिलास म्हणून सगळा मान तुझाच, असं मात्र समजू नकोस. मावशी म्हणजे धाकटी आई. तेव्हा तू आजी आणि मीही आजी, आणि तुझा जावई तो माझाही जावई.

आणि त्यातूनच तर सगळं रामायण झालं. थांब, नीट सांगते. सध्या एक लांबलचक गाणं लावून ठेवलंय, तेवढ्यात बरंच लिहून होईल.

तुला माहीतच आहे, की तुझ्या जावयाला गेल्या हिवाळ्यात इथे रेडिओवर घेतलं. सकाळची पाळी माझी, दुपारची त्याची. आता आपली रीत अशी, की सासूने जावयासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव ओठावर आणायचं नाही, आणि स्टुडिओ केवढा, तर आपल्या चुलीच्या खोपटाएवढा! मॅनेजर शहरातून आलेला, त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "अहो, मग पाळी बदलताना करायचं काय?" मी म्हटलं, "दार करायचं." मग मागच्या भिंतीला दुसरं दार पाडलं. तो आला की बाहेरच्या नळावर आपली टोपी अडकवतो. टोपी दिसली की मी गाणं लावते आणि मागच्या दाराने निघते, मग तो पुढच्या दाराने आत येतो. एवढ्या महिन्यांत आम्ही एकमेकांची सावलीसुद्धा पाहिलेली नाही. कामाला माणूस चोख आहे, हे मी तुलाच सांगते. त्याच्यापर्यंत पोचवू नकोस.

आता त्या दिवसाचं ऐक. केझियाचे दिवस भरत आले होते, म्हणून तो तिला घेऊन रेडिओच्या पांढऱ्या गाडीतून अ‍ॅलिस शहराकडे निघाला. तिथे हॉस्पिटलजवळ राहायचं, वाट बघायची, असं ठरलं होतं. वस्तीत कोणी नव्हतं, सगळे पलीकडच्या गावी फुटबॉलच्या जत्रेला गेले होते. मी एकटी माइकसमोर बसून तुरुंगातल्या पोरांच्या फर्माइशी वाचत होते. आणि उत्तरेकडून असा पाऊस आला की काय सांगू! कोरड्या नदीला तासाभरात पाणी. फोनचा टॉवर गपगार. वस्तीत वायरचे दोनच फोन, एक क्लिनिकमध्ये आणि एक माझ्यापाशी, तेवढे चालू राहिले.

क्लिनिकमधून नर्स फिओनाचा फोन. टॉवर जायच्या आधी केझियाने वाटेतल्या टेकाडावरून तिला कळवलं होतं. पुढे पाणी, रस्ता बंद, आणि पोटात कळा सुरू झालेल्या. फिओना म्हणाली, "मर्ना, डॉक्टरांचं विमान निघतंय. पण आपल्या धावपट्टीवर चिखल आहे. गुरं पाळायच्या जुन्या ठाण्यापाशी जी खडकाळ धावपट्टी आहे ना, तिथेच उतरता येईल. गाडीत रेडिओ चालू असेल ना?"

"असेल की! तो दुसरं काही लावतच नाही."

"मग त्यांना तिथे जायला सांग. मला याच फोनवर डॉक्टरांशी बोलत राहायचंय." आणि ठेवला फोन.

ताई, सांग म्हणे! कुणाला सांगू? गाडी चालवणाऱ्याला हाक मारायची नाही. आणि केझियाला हाक मारून "पोरी, डॉक्टरांच्या विमानाकडे जा" असं सांगावं, तर कशासाठी ते उघडच, आणि रेडिओ बाप्यांच्या कानावर जातो. तुरुंगातले, गुरांमागचे, तिकडे डार्विनमधले, सगळे पुरुष ऐकत बसलेले. बायकांची गोष्ट त्यांच्यासमोर कशी बोलू? माइक माझ्यासमोर, अख्खा देश ऐकतोय, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगायची सोय नाही!

मग मला तू आठवलीस. आई नाही का तिच्या जावयाला काही सांगायचं असलं की कुत्र्याशी बोलायची? "कुत्र्या, रात्री थंडी पडणार आहे, कुणीतरी लाकडं आणायला हवीत." आणि पलीकडे पाठ करून बसलेला तुझा नवरा मुकाट उठायचा. तर मी तुला आमचं कुत्रं केलं, ताई. रागावू नकोस.

गाणं मध्येच तोडलं आणि म्हटलं, "हा निरोप अ‍ॅडलेडला माझ्या डल्सीताईसाठी. ताई, आज इथे पाऊस आहे. मला आपली लहानपणीची वाट आठवतेय. टेकाडावरून मागे फिरायचं, खालच्या उतारावरून नदी ओलांडायची, की पुढे जुनं गुरांचं ठाणं. तिथली खडकाळ धावपट्टी आज कोरडी आहे म्हणे. आज तिथे विमान येतंय, ताई. आज तिथे जो जाईल त्याचं भलं होईल." दोनदा सांगितलं. आवाज असा हसरा ठेवला की जणू खरंच गप्पा मारतेय.

तू ऐकत असशील असं मला वाटलंही नव्हतं, खरं सांगते. मला फक्त एक नाव हवं होतं.

आणि फोन वाजला. अ‍ॅडलेडचा. तुमच्या रिसेप्शनवरची पोर, धापा टाकत.

"बाई, इथे एक आजी आहेत. फोनवर यायला तयार नाहीत, नाव सांगू नको म्हणतात. पण मला दंडाला धरून फोनपाशी आणलंय त्यांनी."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, त्या रेडिओवरच्या वेडीला सांग, खालचा उतार कसला सांगतेस? बाबांची घोडी तिथेच वाहून गेली ते विसरलीस का? पाणी आलं की तिथली वाळू माणूस गिळते. म्हणावं, पवनचक्कीकडून जा. लांब पडलं तरी तिथे खाली खडक आहे."

घोडी! मला घोडी आठवली. अगं, मी माझ्या तोंडाने पोरीला वाळूत पाठवत होते! मी पुन्हा माइकवर, आणि या वेळी हसरा आवाज कुठला! "डल्सीताई, डल्सीताई, मी चुकले! खालचा उतार नको! पवनचक्की, ताई, पवनचक्की! कुणी उतारावर असेल तर आहे तिथून मागे फिरा!" गाणं नाही, काही नाही, पवनचक्की पवनचक्की असा जप चालवला. तुरुंगातल्या पोरांना वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं.

केझिया नंतर म्हणाली, पुढची चाकं पाण्यात गेली होती. तो उतरून पाणी किती आहे ते बघत होता. रेडिओवर मी ओरडले तसा तो उडी मारून आत बसला आणि गाडी मागे घेतली. तिने बघितलं, ते जिथे उभे होते तिथला काठ थोड्याच वेळात वाहून गेला.

आता गंमत ऐक. मी सांगितलं होतं ना, धावपट्टीवर विमान येतंय, जाणाऱ्याचं भलं होईल? फुटबॉलवरून परतणाऱ्या गाड्यांमध्ये सगळ्यांनी ते ऐकलं. कुणीतरी म्हणालं, बॅंड येतोय. कुणी म्हणालं, कुणी बडा पाहुणा येतोय, जेवण असणार. अगं, अ‍ॅलिसवरून लोकांचे मला फोन, "मर्नाकाकू, तिकीट आहे का?" पाण्याच्या त्या बाजूला जेवढ्या गाड्या होत्या तेवढ्या धावपट्टीवर! खुर्च्या मांडल्या, चहाचं भांडं चुलीवर चढलं. आणि पवनचक्कीपासून पुढच्या चिखलात आपली पांढरी गाडी रुतलेली. फुटबॉलवाल्या पोरांनी ती अक्षरशः उचलून आणली. आत केझियाची अवस्था बघितली तशा म्हाताऱ्या पुढे झाल्या. नेली मावशीने सगळ्या बाप्यांना धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला हाकललं, तोंड पलीकडे करून बसायला लावलं, आणि बायकांनी चादरी धरून गोल केला.

विमानाने घिरटी घातली तेव्हा आपली नात रडत होती. डॉक्टरीणबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्यासाठी काही ठेवलंत की नाही?" तिकडच्या टोकाला बसलेला एक फुटबॉलवाला ओरडून विचारत होता, "बॅंड कुठाय?" नेली मावशी म्हणाली, "हा काय, वाजतोय!"

मला हे सगळं मागाहून कळलं. इथे मी एकटी फोनकडे बघत बसले होते. फिओनाचा फोन आला तेव्हा मी हमसून हमसून रडले, तेही माइक चालू असताना. मॅनेजरला वाटलं होतं लोक तक्रार करतील. उलट डार्विनवरून एका म्हाताऱ्याने तेच रडणं पुन्हा लावा म्हणून फर्माइश केली.

माय-लेकी अ‍ॅलिसला राहून, रस्ता वाळल्यावर परवा घरी आल्या. काल सकाळी ऑफिसचं दार उघडलं तर उंबऱ्यावर कांगारूच्या दोन शेपट्या, चांगल्या जाडजूड, पानांत गुंडाळलेल्या. माणूस कुठेच नाही. फक्त नळावर टोपी. दोन का, ते मला विचारावं लागलं नाही. एक मी निखाऱ्यात भाजून खाल्ली. दुसरी तुझी, फ्रीझरमध्ये आहे, आणि तिला कुणी हात लावला तर हात राहणार नाही असं सांगून ठेवलंय.

गाणं संपत आलं, दुसरं लावते.

हं. लावलं.

त्या दिवशी रिसेप्शनवरच्या पोरीने फोन ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिने सांगायला नको होतं, आणि तू तिला बोलू नकोस, लहान आहे बिचारी. मी तेव्हा घाईत होते, नुसतं हं म्हटलं. मग इतके दिवस आनंदात होते. हे पत्रसुद्धा कालपासून तीनदा लिहायला घेतलं, आणि दर वेळी कांगारूच्या शेपटीवर थांबले. ती म्हणाली, हॉस्पिटलची गाडी सकाळी दारात येऊन उभी राहते, आणि तुमच्या ताई खोलीचं दार उघडत नाहीत. मशीनवर जात नाहीत. एक दिवस गेल्या तर दोन दिवस नाही.

दोन महिन्यांत परत येते म्हणून गेलीस आणि दोन वर्षं झाली, हे मला माहीत आहे. तिथे लाल माती नाही, चूल नाही, रक्त धुवायचं मशीन आणि खिडकीतून भिंत. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. आणि थोरल्या बहिणीला धाकटीने असं कर, तसं कर म्हणायचं नसतं. म्हणून मी तुला काहीच म्हणणार नाही.

केझिया इथेच ऑफिसच्या आतल्या खोलीत झोपली आहे. पोर माझ्या मांडीवर आहे, डोळे टक्क उघडे. एका हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं. मी आता हिलाच सांगते.

बाळा, ऐक. तुझी थोरली आजी आहे ना अ‍ॅडलेडला, तिच्यामुळे तू वाळूत गेली नाहीस. पवनचक्कीची वाट तिला एकटीलाच आठवली. अशा आणखी कितीतरी वाटा तिच्या डोक्यात आहेत, आणि माझ्या नाहीत, मी घोडीसुद्धा विसरले होते. त्या तुला कोण दाखवणार? रस्ते पक्के सुकले, थंडी पडली, की तुझी आई तुला घेऊन तिच्याकडे जाणार आहे, तिकिटाचं ठरलंय. तेव्हा आजी खुर्चीत बसलेली हवी, दार उघडणारी हवी. म्हणून बाळा, सकाळी गाडी आली की आजीने त्या गाडीत बसायचं. मशीन नको वाटलं तरी बसायचं, कंटाळा आला तरी बसायचं. शुक्रवारी सकाळी मी तुला रेडिओवर घेऊन बसेन, आजी मशीनवर असेल त्याच वेळी, आणि तू माइकमध्ये हवं तेवढं रडायचं. आजीने कानाला लावून ऐकायचं. आपली आजी आम्हाला हवी आहे, बाळा. कशीही, कुठेही असली तरी हवी आहे.

झालं. मी तुला काही बोलले नाही, डल्सीताई. बाळाशी बोलत होते. तुझ्या कानावर पडलं, एवढंच.

हिची धाकटी आजी,
मर्ना