मुऱ्यांसाठी डोह

९ एप्रिल
ओढ्याची धार तुटली! खडकात एकच डबकं उरलंय आणि त्यात मुऱ्या — बोटाएवढ्या मासोळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, दगडाच्या पोटाला चिकटून बसलेल्या. शेळ्या पाण्यावर नेल्या की मी ह्यांनाच बघत बसतो. शाळा नववीत सुटली, ह्या सुटल्या नाहीत.

११ एप्रिल
खाली देवीचा डोह बारमाही भरलेला. पण तिथलं काही काढायचं नाही, तिथं काही टाकायचं नाही — गावचा नेम. तो राखते देवीची पुजारीण बनाआत्या. तिला विचारलं, मुऱ्या तिथं सोडू का? "मरून राहिल्या तर मरू दे. देवीनं तुला राखनदार ठेवलं का?"
झोप नाही.

१४ एप्रिल
पारावर सोनाजीकाका, सगळ्यांदेखत: "शेळ्या सांभाळता येईनात, अन् मासे सांभाळून राहिला! तळून खा की लेका!" सगळे हसले. मी शेळ्या हाकत ओढ्याकडे निघालो. नेहमीसारखं.

१५ एप्रिल
पाणी वीतभर. काठावर कावळे. आत्याला पुन्हा गाठलं: डोहात त्या जगतील, माझा शब्द.

१७ एप्रिल
आत्या स्वतः दारात आली. "ने. काई झालं तर माझ्यावर." जन्मभर राखलेला नेम तिनं माझ्या शब्दावर मोडला!

१८ एप्रिल
उन्हं चढायच्या आत बादलीवर ओलं फडकं बांधून नेल्या. डोहाचं पाणी बादलीत थोडं थोडं मिसळलं, मगच सोडल्या. काही दगडाखालून निघाल्याच नाहीत, त्या राहिल्या. बाकी सगळं बरोबर केलं.
आत्यानं हळद-कुंकू वाहिलं. मुऱ्या तळाकडे निघाल्या आणि पाणी उसळलं — मरळ! हातभर लांब, मुरी गिळतानाच दिसली. मग दुसरी. मग सगळीकडून. तिथं कुणी गळ टाकतच नाही, म्हणून माजलेल्या. हे मला कळू नये? रोज त्याच काठानं जातो मी!
आत्या म्हणाली, "देवीनं निवद घेतला." मला तसं वाटलं नाही. तिलाही नसावं.

२१ एप्रिल
काका: "काय रे, मरळीला खुराक लावला म्हणं!" त्यांचं सोडा. आत्या उपास धरून बसली आहे. माझ्यामुळे! "काहून इचारतो? तू जेव," म्हणते.

२६ एप्रिल
डबकं आटलं. राहिलेल्या मुऱ्या वाळून पडल्या असतील, मातीत पुराव्यात म्हणून गेलो. एकही दिसेना. मोठा दगड उलटला. खाली ओली वाळू. बोट घातलं — वाळू वळवळली. मुरी! शेजारी आणखी एक. जिवंत!
दगड होता तसाच ठेवला.
आता आत्याला काय सांगू?