बर्फ पांढरा झाल्यावर

ॲन आर्बर,
१६ जानेवारी, दुपार

दादा,

तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. खुशाली शेवटी लिहीन, आधी ते वाक्य.

तू म्हणालास, "महिनाभर आई तुझ्यासमोर बसून जेवत होती, अहिल्या. एवढी कावीळ तुला दिसू नये? तुझं तर पोटच रंगांवर आहे."

आहे. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मी जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढते. पिवळेपणा पानाचा आहे की दिव्याचा, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. पण घरी मी सकाळी सातला निघायचे तेव्हा अंधार, साडेपाचला यायचे तेव्हा अंधार. आईला मी डिसेंबरभर स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली पाहिलं. अंग खाजतं म्हणाली. इथे हीटरच्या कोरड्या हवेने सगळ्यांचंच खाजतं. मी लोशन दिलं. भूक नाही म्हणाली, मी थंडीवर ढकललं. तू नागपुरातून रोज फोन करत होतास. डॉक्टर आहेस. एकदा तरी विचारलंस, खाज येते का? तू विचारायचास, तिकडे मेथी मिळते का.

आता त्या फोटोबद्दल.

दिवाळीला अंगणातल्या झाडावर लावलेल्या माळा आम्ही नाताळ होईपर्यंत काढत नाही. केयाचा हट्ट. माळा जुन्या आहेत, तारेच्या बल्बच्या, पिवळ्या उजेडाच्या. अनीश दर वर्षी त्या फेकायला निघतो आणि दर वर्षी लेकीपुढे हरतो. अठरा डिसेंबरला चांगला बर्फ पडला. आई पांढरी शाल पांघरून झाडाखाली जाऊन उभी राहिली. "काढ फोटो. सत्याला पाठव. त्याला वाटतं मी इथे गारठून मेले."

कॅमेऱ्याला पांढरं काय ते कळत नाही. ते आपण सांगावं लागतं. दिवसाच्या उजेडाचं सेटिंग ठेवलं तर अशा माळांखालचा बर्फ हळदीच्या पाण्यासारखा येतो. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो मधलं काहीतरी करतो, ना धड पिवळं ना धड पांढरं. पुष्कळ लोक बर्फ पिवळाच ठेवतात. ऊबदार दिसतो म्हणतात. मला ती लबाडी वाटते. मी बर्फ पांढरा धरते आणि बाकीचे रंग त्यावरून ठरू देते.

तो फोटो त्याच संध्याकाळी तुला पाठवला. तू लिहिलंस, "आई काय झकास दिसतेय." बावीस वर्षं प्रॅक्टिस करणारा माणूस. मी परवा तुला तेच ऐकवत होते, की मला दिसलं नाही म्हणतोस, मग तुला तरी कुठे दिसलं? तिथे तू फोन ठेवलास. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

काल ज्ञानदा वहिनीचा मेसेज आला. तू दोन दिवस दवाखान्यात गेला नाहीस. फोटो मोठा करत करत आईच्या डोळ्यांपर्यंत जातोस आणि बघत बसतोस. वहिनीला म्हणालास, "आता माहीत आहे, तरी मला पिवळं दिसत नाही. मी पेशंट तपासायच्या लायकीचा उरलो नाही."

दादा, तुला दिसत नाही, कारण तिथे ते नाही. मी काढून टाकलं.

त्या संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो उघडला आणि हे पांढरं धर, असं सांगायला बर्फावर क्लिक केलं. बर्फ पांढरा झाला. शाल पांढरी झाली. पायरीचा कठडा पांढरा झाला. आईचा चेहरा झाला नाही. मी शालीवर क्लिक करून पाहिलं. तेच. केया मागे उभी होती. म्हणाली, "आई, व्हाय इज आजी स्टिल येलो?" मी म्हटलं, "गो ब्रश युअर टीथ." सात वाजले नव्हते. ती माझ्याकडे बघत वर गेली.

मग मी फक्त चेहऱ्यावर ब्रश घेतला आणि रंग निळ्याकडे सरकवला. गाल, गळा, हात. मग डोळे. डोळ्यांतल्या पांढऱ्यावरून ब्रश फिरवायचा तर फोटो चौपट मोठा करावा लागतो. तो मी केला. लायब्ररीत कुणी एखाद्या पानाचं असं केलं तर त्याला नोकरीवर ठेवत नाहीत. मला दहा मिनिटं लागली. मग तुला पाठवला.

कळलं होतं का, असं विचारशील. कावीळ हा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नाही. पण जे दिसलं नाही ते कुणी पुसत बसत नाही. आई चार वर्षांनी आली होती. दहा जानेवारीचं तिकीट होतं. मला तेवढे दिवस कुणी हात न लावता हवे होते.

नऊ तारखेला शेजारची राधिका डबा परत द्यायला आली. ती नर्स आहे. मी रजेवर होते. दुपार होती, ऊन होतं. तिने आईला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

तू माझ्यावर ओरडलास ते बरोबर होतं. तुला कारण माहीत नसताना ते बरोबर निघालं, याचा मला अजून राग आहे. आणि फोन तू ठेवायला नको होतास. ठेवला नसतास तर कदाचित हे तेव्हाच बोलले असते. नसतेही.

सोबत मूळ फोटो जोडला आहे, फक्त बर्फ पांढरा केलेला. बाकी कशाला हात नाही. तो बघ. मोठा करावा लागणार नाही. मग दवाखान्यात जा.

खुशाली: उद्या सकाळी आईच्या पित्तनलिकेत स्टेंट घालणार आहेत. ती दाबणारी गाठ काढता येईल का, ते त्यानंतर ठरेल. ताप नाही. हॉस्पिटलचं सूप तिला आवडत नाही. फोटोबद्दल तिला काही माहीत नाही.

तुझी,
खरं लिहायला चार आठवडे लावलेली
अहिल्या

१७ जानेवारी, सकाळ

काल हे पाठवलं नाही. आज साडेसातला आईला आत नेलं, सव्वानऊला बाहेर आणलं. स्टेंट नीट बसला. पिवळेपणा उतरायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. गाठीचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. आत जाताना आई म्हणाली, "सत्याला कळव. तो उगाच स्वतःला लावून घेतो." आता दहा वाजलेत, पत्र आणि फोटो पाठवते आहे.