उंबऱ्यावरचा मध

इशिंबाय, २० जून १९६५

ति. आजी आणि ति. आई यांना इश्बुलातचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. तेलविहिरीवरचं काम ठीक चाललं आहे. तुम्ही पाठवलेले लोकरी मोजे उन्हाळ्यात पोचले, तेव्हा ते थंडीसाठी जपून ठेवले आहेत.

आजी, मी लग्न करतो आहे. मुलीचं नाव लीदा. आमच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. आईबाप कोण ते तिला माहीत नाही, युद्धात सापडलेलं मूल म्हणून अनाथाश्रमात वाढली. बोलते रशियन, आपली भाषा तिला थोडीशी येते. "चहा घ्या" आणि "पुरे" एवढं नीट म्हणते. आपल्या घरात "पुरे" कुणी ऐकून घेत नाही, हे तिला अजून सांगायचं आहे.

नवी सून आली की आपल्याकडे काय करतात, असं तिने विचारलं. मी सांगितलं, उंबऱ्यावर सासू आपल्या हाताने मध आणि लोणी भरवते. हे तिने माझ्याकडून तीनदा सांगून घेतलं. कुणी हाताने भरवल्याचं तिला आठवतच नाही, असं म्हणाली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला घेऊन येतो. आजी, तुझे टोमणे निदान आठ दिवस आवरून धर, मग मी आहेच ऐकायला.

दोघींनीही माया अशीच ठेवावी.

तुमचा
इश्बुलात


युकेली, ५ जुलै १९६५

चि. इश्बुलात यास आजी शम्सीकमर हिचे अ. उ. आ.

बोलणार मी, लिहिणार तुझी आई. चुका निघाल्या तर तिच्या, शहाणपण निघालं तर माझं.

तुझं पत्र सरवरने मला दोनदा वाचून दाखवलं. टोमण्यांची ओळ दोन्ही वेळा जरा मोठ्याने वाचली. पंचवीस-सव्वीस वर्षं माझ्या घरात राहून सूनबाईला एवढं धैर्य आलं, हे बरंच झालं. आत्ताही मी बोलते आहे भरभर आणि हिचा हात चालतो आहे सावकाश. मला अक्षर येत नसलं तरी ओळ लांबली की आखूड राहिली ते दिसतं. मघाशी तिच्याबद्दल एक मोठं वाक्य सांगितलं, तर कागदावर करंगळीएवढी ओळ पडली. बाकीचं कुठे गेलं ते तिला विचार.

मुलगी रशियन आहे म्हणून मी काही बोलेन, ही धास्ती सोड. माझे बरेच दात गेले आहेत, चावण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही. तिला एवढं सांग, की आमच्या घरात बायका मोठ्याने बोलतात आणि झाडावर चढतात. तुझे वडील युद्धावर गेले त्याला चोवीस वर्षं झाली. मधासाठी झाडावर चढायचा त्यांचा कातडी पट्टा दुसऱ्या वर्षापासून तुझी आईच कमरेला बांधते आहे. आपल्या घराची खूण कोरलेल्या त्या मधाच्या जुन्या पाइनवर दोघंच चढतात, अस्वल आणि तुझी आई. अस्वल निदान विचार करून चढतं.

लिंडनला यंदा कळे भरपूर धरले आहेत. पाऊस आडवा आला नाही, तर आठवड्याभरात नदीकाठ पिवळा होईल आणि मधमाश्या घर विसरतील. ढोलीतला मध सप्टेंबरात काढू. त्यातला पहिला लीदाचा.

तो उंबऱ्यावरचा मध कच्चाच लागतो, हे तिला समजावून ठेव. चाक-चाक करायचं तर मध उकळावा लागतो, नाहीतर तळलेल्या कणकेच्या गोळ्या एकमेकींना धरून बसत नाहीत. पण आच लागली की त्यातलं फूल मरतं, उरतो नुसता चिकट गोडवा. कच्चा लिंडनचा मध शरदात पांढरा होतो, रव्यासारखा बसतो. जिभेवर ठेवला की आधी गार लागतो, मग किंचित कडू आणि मग गोड. चहात घालून ढवळणाऱ्या माणसाला मी पाहुणा म्हणत नाही. मध चमच्याने तोंडात घ्यावा आणि वरून दूध घातलेल्या चहाचा घोट.

मधाने जीभ गोड व्हावी, लोण्याने स्वभाव मऊ व्हावा, म्हणून हे भरवायचं. माझ्या सासूने मला वाटीभर लोणी भरवलं होतं. पुढे काय झालं ते गावाला माहीत आहे.

भरवण्याचा मान सासूचा, म्हणजे तुझ्या आईचा. मी मागे उभी राहून चुका काढीन.

मुलीला आशीर्वाद सांग. आमच्यावरचा लोभ तुम्ही दोघांनी वाटून घ्यावा, कमी करू नये.

आजी


इशिंबाय, १६ ऑगस्ट १९६५

ति. आजीस इश्बुलातचा सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून आधी तुला सांगतो. यातली एकही ओळ गाळायची नाही.

आजी, तुझ्या पत्राबरोबर त्याच पाकिटात आईची वेगळी चिठ्ठी होती. तीत दोनच वाक्यं. उंबऱ्यावर मध-लोणी मी भरवणार नाही, आजींनी भरवावं. मला ते जमायचं नाही. बस, एवढंच. मी लगेच विचारलं, तर उत्तरात गाईला वासरू झाल्याची बातमी आली.

मला वाटलं, लीदा आईच्या मनात नाही. तसं असेल तर आत्ताच सांगा. लीदाला मी काही बोललेलो नाही. ती रोज संध्याकाळी "सासूबाई, मध गोड आहे" हे आपल्या भाषेत घोकते आहे आणि रोज वेगळं चुकते आहे. तिला उंबऱ्यापर्यंत आणून तिथे आई उभीच नसेल, तर मी तिला कशाला आणू?

आजी, तुला कारण माहीत असेल तर सांग. तुम्हा दोघींना मी आजवर भांडताना पाहिलेलं नाही, पण एका चमच्यातून खातानाही पाहिलेलं नाही.

राग नसावा, उत्तर लवकर यावं.

इश्बुलात


युकेली, १२ सप्टेंबर १९६५

चि. इश्बुलात यास आजीचे अ. उ. आ.

तुझ्या आईने पत्र सगळं वाचलं, एकही ओळ गाळली नाही. आवाज मात्र मधेच खाली गेला. बावीस वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांच्या मरणाचा सरकारी कागद आला, तोही हिनेच मला वाचून दाखवला होता. तेव्हा आवाज हलला नव्हता. त्यामुळे या वेळी माझ्या ध्यानात आलं.

मध काढून झाला. सरवर चढली आणि अर्धा मध माश्यांना ठेवून अर्धा खाली सोडला. लिंडनच्या लाकडाचं छोटं पिंप गळ्यापर्यंत भरलं. पोळ्याचे तुकडे निथळत ठेवले आहेत, घरभर जुलैचा वास आहे. यंदा चव नेहमीपेक्षा चांगली उतरली आहे, आणि म्हणूनच मला हे सांगावं लागतं आहे.

तुझ्या पत्राला दोन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण मी दुसरं लिहिणारं माणूस शोधत होते. शाळेच्या मास्तरीणबाईंकडे गेले, चहा पिऊन परत आले. टपाल आणणारीला घरात बसवलं, तिच्याशी हवापाण्याचं बोलले. जे सांगायचं आहे ते परक्याच्या हातून लिहवलं तर गावभर होईल, आणि गावाला कळून हिला कळणार नसेल तर उपयोग काय? तेव्हा सूनबाई, तूच लिही. मान वर करू नकोस.

इश्बुलात, तुझ्या वडिलांना ट्रॅक्टर शिकायला माळरानात पाठवलं होतं. खैबुल्लासाठी मी नदीपलीकडच्या मधवाल्याची मुलगी मनात धरली होती, तिच्या आईशी शब्दही झाला होता. हा परत आला तो सरवरला घेऊन. सडपातळ, काळी, पायात माळावरचे जोडे. तिच्या गावात मैलोन् मैल गवत, लिंडनचं एक झाड नाही.

लग्नाच्या दिवशी चाक-चाकसाठी मध उकळत होते. रागाने माझं लक्ष नव्हतं, मध तळाला लागला. वरचं ओतून घेतलं. तेवढ्यात घोडागाडी आली, बायका ओरडल्या, सासू कुठे आहे, मध कुठे आहे. पांढऱ्या मधाचं पिंप तळघरात होतं. दहा पायऱ्या. मी उतरले नाही. भांड्याच्या तळाचं करपलेलं खरवडून वाटीत घेतलं, वर लोण्याचा मोठा गोळा ठेवला म्हणजे दिसू नये, आणि उंबऱ्यावर जाऊन हिला भरवलं. माळावरची आहे, हिला काय कळणार, असं मी मनात म्हटलं. हिने डोळे मिटून खाल्लं आणि माझ्या हाताला कपाळ लावलं.

एवढंच केलं मी. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा हिने माझ्यापुढे ताट ठेवलं, तेव्हा मला ती वाटी दिसली. खैबुल्लाचा कागद आला तेव्हा वाटलं, आता ही माळावर परत जाईल, आणि जाताना तीच चव घेऊन जाईल. ही गेली नाही. पट्टा बांधून झाडावर चढत राहिली. त्या वर्षी तरी बोलायला हवं होतं. मी चेष्टा करत राहिले. चेष्टा करणाऱ्या माणसाला दुसरं काही विचारत नाहीत.

इतकं बोलले आणि कागदावर दोनच ओळी दिसल्या. मी म्हटलं, सगळं लिही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सांगेन. तेव्हा हिने लिहिलं. आता ओळी पुरेशा आहेत.

मधे तुझी आई उठून गाईची धार काढून आली. दूध गाळलं, हात धुतले, पुन्हा बसली. मी विचारलं, सरवर, तुला तेव्हा कळलं होतं का? ती म्हणाली, "तेव्हा नाही कळलं, आई. शरदात कळलं." हेही तिच्याच हातून लिहून घेते आहे. पंचवीस वर्षं मी वाट पाहत होते की हिला कळू नये, आणि ही पंचवीस वर्षं वाट पाहत होती की मी सांगावं.

लीदा तुझ्या आईच्या मनात आहे. नाही ती मीच. आणखी काही सुचत नाही, हे माझं मलाच नवीन आहे.

लोभ ठेवण्यासारखं काही उरलं असेल तर ठेव.

आजी


युकेली, १४ सप्टेंबर १९६५

चि. इश्बुलात यास आईचे अ. उ. आ.

हे पत्र माझं. आजी शेजारी काकूंकडे गेल्या आहेत, तेवढ्यात लिहून टपालात टाकते.

त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिलं. फक्त "काळी" हा शब्द दोनदा म्हणाल्या होत्या, मी एकदाच घातला.

उंबऱ्यावर मला वाटलं होतं, मध असाच असतो. थोडा करपलेला, थोडा धुराचा. आमच्याकडे मध नव्हता, लहानपणी एकदा बाजारात बोटभर चाखला असेल. मला ती चव आवडलीसुद्धा होती. पुढे सप्टेंबरात तुझे वडील पाइनवरून उतरले आणि पोळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, घरचाच आहे, तू खाल्लेला. मी तो तोंडात घातला, आणि उभ्या जागी कळलं की तो मी खाल्लेला नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत हसत होते. मी म्हटलं, हो, तसाच आहे. त्यांना कधी सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात ते युद्धावर गेले. सांगितलं नाही याचं बरंही वाटतं आणि वाईटही.

तुला चिठ्ठी लिहिली ती लीदासाठी नव्हे. मला भीती वाटली. जे मला नीट मिळालं नाही ते मी दुसरीला कसं भरवायचं, माझ्या हातालाच ती चव असेल, असं काहीतरी मनात आलं. वेडेपणा होता.

काल सकाळी आजी एकट्या तळघरात उतरल्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, वर थांब, दहाच पायऱ्या आहेत. वर यायला त्यांना बराच वेळ लागला. वाटीत पांढरा होत चाललेला नवा मध होता, वर नखाएवढंच लोणी, मध दिसेल असं. मला दाराबाहेर जायला लावलं, परत आत यायला लावलं आणि उंबऱ्यावर भरवलं. अर्धा माझ्या झग्याला लागला. कसा आहे, असं विचारलं. मी म्हटलं, गोड आहे, आई. त्या बाकावर बसून रडल्या, आणि मग म्हणाल्या, झगा धू, मुंग्या येतील.

तुला खरं सांगते, कारण हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही. मध यंदाचा, कच्चा, त्यात काही कमी नव्हतं. पण मला त्यात तीच करपलेली चव आली. अजून येते. या घरात पहिला घास कुणी भरवला ते जीभ विसरत नाही, मी पुष्कळ प्रयत्न केला. तूही याबद्दल पत्रात काही लिहू नकोस, तुझी पत्रं मलाच मोठ्याने वाचावी लागतात.

लीदाला घेऊन ये. तिला सांग, वाक्य चुकलं तरी चालेल. उंबऱ्यावर मी उभी असेन. पिंप आता पुन्हा तेव्हाच उघडीन, तोवर आजींनाही हात लावू देणार नाही. चाक-चाक आदल्या दिवशी करून ठेवीन, त्या दिवशी चुलीवर काही नको. तिची पहिली चव चुकायला नको.

प्रकृतीला जप. आमची आठवण राहू दे.

आई