भुजंगाचा चेंडू, निजामोद्दीनचे नाव

मी रखमाजी वल्द सोनाजी सुतार, राहणार कादराबाद, जालना, वय साठीच्या पुढे, धंदा सुतारकी, कोणाच्या धाकाने नव्हे की कोणाच्या भरीला पडून नव्हे, आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. दमा छातीत घर करून बसला आहे. पुढचा पाऊसकाळ मी बघेन असे हकीमसाहेबांनाही वाटत नाही. डोके मात्र बिलकुल ठिकाणावर आहे. हे दोनदा लिहा म्हटले तर हा कागद लिहिणारे कारभारी अर्जनवीस म्हणाले, "एकदा लिहिलं की बस होतं, रखमाजी." मी म्हटले, "तुमचं होतं, माझं न्हाई. पोरगा गेला अन् म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं सगळं गाव बोलून राह्यलं. लिहा परत." म्हणून परत: डोके ठिकाणावर आहे.

कलम पहिले. राहते घर, आतील भांड्याकुंड्यांसह, माझी सून चतुराबाई हिचे. ती माझा एकुलता मुलगा कै. बद्रीनाथ याची विधवा. तिने घर ठेवावे, विकावे, वाटल्यास दुसरा संसार मांडावा. भावकीने तोंड घालू नये. माझी भावजय सोनूबाई हिने चतुराला पांढऱ्या पायाची म्हटले आहे. त्या बाईने माझ्या तेराव्याचे जेवायला येऊ नये, आली तर पान वाढू नये.

कलम दुसरे. माझे रंधे, पटाशा, करवती आणि गिरमिट निजामोद्दीन नालबंद याला द्यावे. बैलांना नाल ठोकणारा माणूस लाकडाच्या हत्यारांचे काय करणार, असे कारभारी विचारतात. अहो, त्याच्या दारी आता बैल आणतो कोण? आमच्या क्रिकेटच्या टीमच्या बॅटी सांधायला, त्यांना जवसाचे तेल पाजायला तो माझ्या शेजारी बसत आला. हात चांगला आहे. परगावी जायची वेळ आली तर पोटाला उपयोगी पडतील. ती वेळ येऊ नये म्हणून पुढचे कलम.

कलम तिसरे. यात देणेघेणे काही नाही, तरी शब्द न् शब्द लिहावा.

आमच्या टीममध्ये जोरात चेंडू टाकणारे दोघे: हा निजामोद्दीन आणि माझा पुतण्या, सोनूबाईचा मुलगा, भुजंग. मी विकेटकीपर. भुजंग टाकायला आला की मी दांड्यांपासून चांगला लांब मागे सरकायचो. निजाम आला की पुढे यायचो. मी कुठे उभा आहे एवढे बघितले असते तरी जोर कोणाचा ते कळले असते. पण बघणारे दांड्या उडतात तिकडे बघणार! निजामचा चेंडू बेताच्या वेगाचा, पण टप्पा ठरल्या जागी आणि आत वळून दांडीवर. म्हणून गडी त्याने जास्त बाद केले. भुजंगाचा चेंडू खेळायला अंथरलेल्या काथ्याच्या चटईवर आपटायचा आणि छातीला, कानाला उसळायचा. जोर भलता, दांडीला लागायचा क्वचित. गावाने सोपे करून टाकले, गडी ज्याचे जास्त त्याचाच जोर जास्त. निजामला तोफ म्हणू लागले. भुजंगाला ते फार झोंबायचे. "काका, तुमीच सांगा ना लोकायला, माझा बॉल जोरात का न्हाई?" मी सांगायचो. कोणी मनावर घ्यायचे नाही.

बद्री गेला त्या शुक्रवारी सुट्टी म्हणून आम्ही चौघेच नदीकाठच्या माझ्या जमिनीच्या पट्टीत सरावाला गेल्तो. बद्री बॅट घेऊन, मी मागे, ते दोघे एकाच बाजूने पाळीपाळीने टाकत होते. बद्रीला चिडवायची खोड. म्हणाला, "भुजंगा, तुझा बॉल वाटंत जेवायला थांबतो का रे?" भुजंग चेंडू घेऊन मागे गेला. लांबून पळत आला. चेंडू चटईवर आपटला आणि बद्रीच्या कानशिलात बसला. माझ्या लेकराने बॅटसुद्धा सोडली नव्हती.

भुजंगाने मुद्दाम मारले असे मी म्हणत नाही. त्याला जोर दाखवायचा होता. पण निजामने बद्रीला उचलून छातीशी धरले आणि दवाखान्याकडे धाव घेतली तेव्हा भुजंग आमच्या आधी बाजारात पोचला. लोकांनी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "निजामचा बॉल लागला. माझा येवढा जोरात कुठं येतो?" जन्मभर जे कबूल केले नाही ते तेवढ्यात कबूल करून मोकळा झाला. मागून निजाम आला, सदरा रक्ताने भिजलेला. मंग कोण कोणाचे ऐकतो? तोफच ती!

अदालतीत अपघात ठरून कागद मिटला. गावात मिटला नाही, आणि हिंदू-मुसलमानांत दिवसही वाईट आले आहेत. निजामच्या घरावर दगड पडतात, त्याची बायको सलमा पाण्याला एकटी जात नाही. तालमीत पोरे म्हणतात, "म्हाताऱ्याचं होऊन जाऊ द्या, मंग निजामला बघू." भुजंग तिथेच बसलेला असतो. मी जाऊन खरे सांगितले, तर म्हणाले, "बसा काका, पाणी प्या." माझ्या मरणाची वाट माझ्या शेजाऱ्याच्या जिवासाठी बघून राह्यलेत, ही आग मला झोपू देत नाही.

कलम चौथे. नदीकाठची पट्टी भुजंगाला, एका अटीवर. माझा दहावा व्हायच्या आत त्याने तालमीत, सगळ्यांसमोर, निजामोद्दीनचा हात धरून एवढेच म्हणावे: "माझा बॉल निजामपेक्षा जोरात होता." ज्या गोष्टीसाठी तो जन्मभर भांडला तेवढीच मागतो आहे. न म्हणाला तर पट्टी चतुराबाईची. म्हणो न म्हणो, हा कागद मला अग्नी देण्याआधी मोठ्याने वाचावा, आणि तालमीतल्या पोरांना पुढे उभे करावे. अशी अट टिकायची नाही, असे कारभारी म्हणतात. न टिको, ऐकली तरी जाईल.

तो चेंडू माझ्या पेटीत आहे. पुसलेला नाही. तोही भुजंगाचाच.

वाचून दाखवले, ऐकले, बराबर आहे.

साक्षीदार: हकीम अजमतअली, ज्यांनी नाडी आणि डोके दोन्ही तपासले, काकासाहेब मास्तर.
लेखक: कारभारी अर्जनवीस.
मुक्काम जालना, माघ वद्य पंचमी, शके १८६८, सन १३५६ फसली.

निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची. अंगठा सांध्यात वाकडा असल्याने ठसा अर्धाच उठला आहे. हा अंगठा भुजंगाच्या चेंडूने मोडला, जाड हातमोज्याच्या आत. निजामोद्दीनचे चेंडू मी याच हातात वर्षानुवर्षे झेलले, नखसुद्धा कधी दुखले नाही.