पाणी कुठवर येतं?

३ फेब्रु., महाड
राहुलचा ठाण्याहून फोन. मे महिन्यात युरोप म्हणे. तो, स्नेहा, आर्या. आणि मी! "आई, तुझ्याशिवाय मजा नाय." मागे हे तिघं महाबळेश्वरला गेले तेव्हा पोलादपूरला चहा प्यायले, महाडात गाडी थांबली नव्हती. आता एकदम मजा नाय? तीन वर्षांची पोर सांभाळायला बाई हवी, सरळ सांगा की.

५ फेब्रु.
सुनेने फोटो पाठवले. "आई, एवढी वर्षं अंगणवाडी चालवलीत, तुम्हीच सांगा आर्याला कुठलं गाव झेपेल." गोड बोलते. स्नेहा गोड बोलली की मी सावध.
पॅरिस. जिने फार, रांगा फार. सुट्टे टाकल्याशिवाय संडासाचं दार उघडत नाय. पोर तोवर थांबतंय होय! नापास.
स्वित्झर्लंड. गाई बऱ्या. थंडीत आर्याचा कान ठणकतो. काठावर पास.
व्हेनिस. रस्त्याऐवजी पाणी. दाराबाहेर पाऊल टाकलं की पाणीच, कठडा नाय. कोण नेतं असल्या जागी पोरं? सोडाच.

८ फेब्रु.
राहुलला व्हेनिसच हवंय. हॉटेलचा फोटो आला. चष्मा पुसून, मोठा करून पाहिला. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला काळपट रेघ. ही रेघ मी ओळखते. आमच्या जुन्या खोलीत होती, माळ्याच्या वीतभर खाली.
फोन केला. रेघ कसली रे?
"अगं, डिझाइन हाय ते."
पाणी कुठवर येतं ते विचार म्हटलं, तर हसला मेला. "आई, ते महाड नाय!"
इथे खोली बघायला गेलं की भाड्याच्या आधी हेच विचारतात. जुन्या खोलीत पूर शिरला तेव्हा एवढ्याशा ह्यालाच काखेत मारून मी गच्ची गाठली होती. तो विसरला. मी नाय.

११ फेब्रु.
स्नेहा आर्याला घेऊन आली, वीर स्टेशनवरून रिक्षाने. न सांगता. म्हटलं, आली गळ घालायला.
चहा घेताना म्हणाली, "आई, मी हॉटेलला लिहिलं. पाणी कुठवर येतं, असंच विचारलं."
मग?
"कधीमधी येतं म्हणाले. पण फक्त पायरीपर्यंत."
मी कपाळावर हात मारला. पायरीपर्यंत! जुन्या खोलीचा मालक अगदी हेच म्हणाला होता.
ती हसली नाही. "म्हणून तुम्ही हव्यात. राहुलला रेघ दिसत नाही. मलाही दिसली नसती. आणि तो ऐकणार नाही, तिकडेच नेणार."
खरं बोलली की हेही गोडच? डोळे तर खरे वाटले. पण...

१२ फेब्रु.
गेल्या. पासपोर्टचा फॉर्म टेबलावर, सगळा भरलेला. फक्त सही बाकी. म्हणजे घरूनच भरून आणला होता! बघा.

१४ फेब्रु.
आर्या फोनवर. "आजी, पायरी केवढी?"
बघायला लागेल गो, म्हटलं.
"मग तू बघ ना."
सही अजून केली नाय. फॉर्म कपाटाच्या खालच्या खणात टाकला होता. आता राहते पहिल्या मजल्यावर, पाणी इथवर येत नाय, तरी स्टूल घेतलं आणि उचलून माळ्यावर ठेवला.